५४३ हा आकडा आला कुठून? लोकसभा नेमकी भरते कशी ते बघू

माझा आत्तेभाऊ उरणला राहतो आणि मी चिंचवडला. मध्ये अख्खा सह्याद्री आडवा, तो घाटाखाली मी घाटावर, त्याच्याकडे समुद्र आणि जेएनपीटी, माझ्याकडे कंपन्या आणि ट्रॅफिक, तरी आमचा खासदार एकच. आणि माझा शाळेतला मित्र भोसरीत राहतो, टू-व्हीलरवर अर्धा तास, महापालिका तीच, पाणीपट्टीचं बिल त्याच ऑफिसातून येतं, पण त्याचा खासदार वेगळा. कारण भोसरी शिरूर मतदारसंघात आणि पिंपरी-चिंचवड पनवेल-उरण-कर्जतबरोबर मावळात.

२०२४ च्या निवडणुकीत आत्तेभावाने फॅमिली ग्रुपवर विचारलं होतं, "दादा, हे असले तुकडे पाडतं कोण रे? आणि खासदार ५४३ च का, सरळ साडेपाचशे का नाहीत?" तेव्हा मी एक हसरा इमोजी टाकून सटकलो, खरं कारण म्हणजे मला नीट माहीत नव्हतं. मग वाचत गेलो. तर हे त्याचं उत्तर, उशिरा का होईना.

पहिली गंमत म्हणजे राज्यघटनेत ५४३ हा आकडा कुठेच नाही. कलम ८१ फक्त वरची मर्यादा सांगतं, राज्यांमधून जास्तीत जास्त ५३० आणि केंद्रशासित प्रदेशांमधून जास्तीत जास्त २०. प्रत्यक्षात राज्यांचे ५२४ आणि केंद्रशासितांचे १९, झाले ५४३. आपण शाळेत ५४५ शिकलो होतो ते पण चूक नव्हतं, कारण तेव्हा अँग्लो-इंडियन समाजाचे दोन सदस्य राष्ट्रपती नेमू शकायचे, ती सोय जानेवारी २०२० पासून १०४ व्या घटनादुरुस्तीने संपली. स्पर्धा परीक्षेची जुनी गाईडं अजून ५४५ छापतात त्यामुळे पोरांचा गोंधळ होतो. आता लोकसभेत नेमलेला एकही सदस्य नाही, झाडून सगळे निवडून आलेले.

आणि ५४२ चे ५४३ कसे झाले माहितीये? गोव्यामुळे. आधी गोवा, दमण आणि दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश होता आणि त्याला मिळून दोन खासदार. १९८७ ला गोवा राज्य झालं, गोव्याने आपले दोन ठेवले, दमण-दीव वेगळं पडलं म्हणून त्याला एक नवीन द्यावा लागला. बस, तो एक.

आता राज्यांना सीटा वाटतात कशा? तत्त्व अगदी सोपं आहे, लोकसंख्या भागिले खासदार हे उत्तर सगळ्या राज्यांत शक्य तितकं सारखं यायला हवं. साठ लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या छोट्या राज्यांना ह्या नियमातून सूट आहे, नाहीतर सिक्कीमला अर्धा खासदार मिळाला असता. त्या हिशेबाने उत्तर प्रदेशला ८०, आपल्याला ४८, पश्चिम बंगालला ४२, बिहारला ४०, तामिळनाडूला ३९ आणि असं करत करत खाली गोव्याला २, मिझोराम-नागालँडला एकेक. आपल्याकडे हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे कारण ४८ गुणिले ६ बरोबर २८८, म्हणजे विधानसभेचे सहा मतदारसंघ जोडले की लोकसभेचा एक. आमच्या मावळचे सहा म्हणजे मावळ, चिंचवड, पिंपरी हे तीन घाटावरचे आणि पनवेल, कर्जत, उरण हे तीन खालचे.

पण कुठल्या वर्षीची लोकसंख्या? इथे खरी गोम आहे. १९७१ ची! म्हणजे माझे वडील शाळेत होते तेव्हा जी डोकी मोजली त्यावर आजची लोकसभा उभी आहे.

झालं असं की मूळ योजना होती दर जनगणनेनंतर वाटणी नव्याने करायची. १९५२ ला पहिली लोकसभा बसली तेव्हा निवडून आलेले ४८९ होते, मग राज्यं बदलली लोक वाढले तसा आकडा वाढत गेला, १९७१ च्या जनगणनेनंतर तो ५४२ वर आला. आणि तिथेच १९७६ ला, आणीबाणीत, ४२ व्या घटनादुरुस्तीने वाटणी गोठवली, २००१ पर्यंत हात लावायचा नाही. कारण काय दिलं, तर कुटुंब नियोजन. एका बाजूने सरकार भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवून सांगतंय की पोरं कमी होऊ द्या, आणि दुसऱ्या बाजूने ज्या राज्याने ऐकलं त्याच्या सीटा कमी होणार, हे काही न्यायाचं नव्हतं. म्हणजे आणीबाणीत झालेल्या गोष्टींपैकी हिला निदान काहीतरी तर्क होता असं मला वाटतं. मग २००१ उजाडलं तेव्हा वाजपेयी सरकार होतं, परत तोच प्रश्न, परत तेच उत्तर, ८४ व्या घटनादुरुस्तीने मुदत वाढवली ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत.

ह्याचा परिणाम बघायला शाळेतलं त्रैराशिक पुरेसं आहे. १९७१ ला महाराष्ट्रात एका खासदारामागे साधारण साडेदहा लाख लोक, केरळात पावणेअकरा, तामिळनाडूत साडेदहा, राजस्थानात सव्वादहा, म्हणजे तराजू बरोबर होता. आता २०११ चे आकडे घ्या (त्यानंतर जनगणनाच झाली नाही, कोविडमुळे २०२१ ची राहिली): राजस्थानात एका खासदारामागे सव्वासत्तावीस लाखांच्या वर, उत्तर प्रदेशात पंचवीस लाख, महाराष्ट्रात साडेतेवीसच्या आसपास, तामिळनाडूत साडेअठरा आणि केरळात पावणेसतरा. मत एकच, पण केरळातल्या माणसाच्या मताचं वजन राजस्थानातल्यापेक्षा दीडपटीहून जास्त.

आणि तेच ५४३ आज २०११ च्या लोकसंख्येवर वाटले तर? मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो. केरळ २० वरून १५ वर येतो, तामिळनाडू ३९ वरून ३२ वर, उत्तर प्रदेश ८० वरून ९० च्या घरात जातो. दक्षिणेतले लोक ह्या विषयावर एवढे का पेटतात ते ह्यावरून कळावं, त्यांचं म्हणणं आम्ही सांगितलेलं ऐकलं आणि आता शिक्षा आम्हालाच. तिकडे राजस्थान-बिहारवाला म्हणतो की भाऊ आमचं मत काय दोन आण्याचं आहे का. दोघंही बरोबर आहेत, म्हणून तर सगळी सरकारं ही गोष्ट पुढे ढकलत आली. महाराष्ट्र मधल्यामध्ये, ४८ चे ५० होतात, म्हणून आपल्याकडे ह्याची फार बोंबाबोंब नाही.

एक कन्फ्युजन इथेच दूर करतो. १९७६ ला राज्याच्या सीटा आणि राज्याच्या आतल्या सीमारेषा दोन्ही गोठवल्या होत्या, पण २००१ नंतर गोठलेला राहिला तो फक्त सीटांचा आकडा. २००१ ची जनगणना धरून आतल्या सीमा नव्याने आखल्या, निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग ह्यांचा परिसीमन आयोग होता, आणि २००९ च्या निवडणुकीपासून तो नकाशा लागू झाला. त्यातच आमचा मावळ जन्माला आला. कराड गेला, इचलकरंजीचा हातकणंगले झाला, पंढरपूरच्या जागी माढा, कोपरगावच्या जागी शिर्डी, आणि नाथ पै आणि मधु दंडवते ज्याच्यामुळे देशभर माहीत होते तो राजापूर मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. आमच्या घरातली जुनी माणसं अजून "राजापूरचे खासदार" म्हणतात.

बरं, सीमा बदलल्या तरी मतदारसंघ सगळे एकसारखे झाले असं काही नाही. २०१९ ला हैदराबादजवळच्या मलकाजगिरीत ३१ लाखांच्या वर मतदार होते आणि लक्षद्वीपमध्ये साधारण ५५ हजार. लोकसभेत दोघांचं बटण एकाच किमतीचं. लक्षद्वीपएवढे मतदार आमच्याकडे महापालिकेच्या एका प्रभागात सापडतात, पण बेटांना निदान एक आवाज हवा हे मान्य आहे, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

आता राखीव जागा. ५४३ पैकी ८४ अनुसूचित जातींसाठी आणि ४७ अनुसूचित जमातींसाठी. महाराष्ट्रात अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर ह्या पाच एससी, आणि नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर ह्या चार एसटी. लोकांना अजून वाटतं की राखीव जागेवर मतदान पण त्याच समाजाचं, तसं नाही, मतदान सगळ्यांचं, फक्त उमेदवार त्या प्रवर्गातला पाहिजे. आणि उलट बाजूने त्या प्रवर्गातला माणूस खुल्या जागेवर पण उभा राहू शकतो.

सुरुवातीला ही पद्धत वेगळी होती, आणि ही गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. पहिल्या दोन निवडणुकांत बरेच मतदारसंघ दोन-दोन खासदारांचे होते, एक जागा खुली एक राखीव, मतदाराला दोन मतं, दोन्ही एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. डॉ. आंबेडकर १९५२ ला मुंबईत अशाच दुहेरी मतदारसंघातल्या राखीव जागेवर हरले, नारायण काजरोळकरांकडून, आणि १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत परत हरले. म्हणजे घटना लिहिणाऱ्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या घटनेखालच्या लोकसभेत कधीच निवडून आला नाही, संसदेत राहिला तो राज्यसभेतून. मग १९५७ ला आंध्रातल्या पार्वतीपुरमला वेगळाच प्रकार झाला, पहिल्या दोन नंबरांवर दोन्ही आदिवासी उमेदवार आले, एकाने राखीव घेतली आणि दुसरा खुल्या जागेवर विजयी ठरला, आणि पडले कोण तर व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले पण कोर्टाने निकाल कायम ठेवला, आणि १९६१ ला कायदा करून दुहेरी मतदारसंघच बंद केले.

उभं कोण राहू शकतं? भारताचा नागरिक, वय पंचवीस पूर्ण, आणि देशात कुठल्याही मतदारयादीत नाव. कुठल्याही, हे महत्त्वाचं. म्हणून पुण्याचे मधु लिमये बिहारमधून मुंगेर आणि बांका इथून निवडून आले, आंध्रचे नरसिंह राव आपल्या रामटेकमधून दोनदा, आणि चिपळूणच्या सुमित्रा महाजन लग्न होऊन इंदूरला गेल्या आणि तिथून आठ वेळा खासदार होऊन शेवटी लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. डिपॉझिट पंचवीस हजार, एससी-एसटी उमेदवाराला निम्मं, आणि वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नाही मिळाली की जप्त. एका वेळी जास्तीत जास्त दोन ठिकाणी उभं राहता येतं, दोन्हीकडे आलात तर चौदा दिवसांत एक सोडायची.

जिंकायला निम्मी मतं लागतात असा एक मोठा गैरसमज आहे. नाही लागत, बाकीच्यांपेक्षा एक मत जास्त असलं की झालं. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमला रवींद्र वायकर ४८ मतांनी आले, आणि तिकडे इंदूरला अकरा लाखांच्या वर लीड. दोघांची खासदारकी सारखीच. आणि सुरतला तर मतदानच झालं नाही, बिनविरोध. ह्या पद्धतीमुळे देशातली मतं आणि सभागृहातल्या सीटा ह्यांचं गणित कधीच जुळत नाही, २०१४ ला भाजपला ३१ टक्के मतं आणि २८२ जागा, आणि त्याच निवडणुकीत बसपाला देशभरात चार टक्क्यांच्या वर मतं आणि जागा शून्य. मतं सगळीकडे थोडीथोडी पसरली की असंच होतं.

सभागृह भरलं की मग काही आकडे कामाला लागतात. बहुमत २७२. गणपूर्ती एक दशांश, म्हणजे ५५ जण तरी आत हवेत. विरोधी पक्षनेता ठरवताना पण एक दशांशाचा रिवाज धरला गेला, त्यामुळे काँग्रेसला २०१४ ला ४४ आणि २०१९ ला ५२ जागा मिळाल्यावर दहा वर्षं ती खुर्ची रिकामी राहिली, २०२४ ला ९९ आल्यावर भरली. आणि मंत्री किती करायचे ह्यालाही २००३ पासून लगाम आहे, लोकसभेच्या पंधरा टक्के, म्हणजे पंतप्रधान धरून ८१.

एकेक सीट किती जड असते बघायचं तर १७ एप्रिल १९९९. वाजपेयींच्या विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७०, सरकार एका मताने पडलं. त्यात काँग्रेसचे गिरिधर गमांग होते, जे फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते पण खासदारकीचा राजीनामा दिला नव्हता, कारण मुख्यमंत्र्याला आमदार व्हायला सहा महिने मिळतात. तर मुख्यमंत्री साहेब विमानाने दिल्लीला येऊन लोकसभेत मत टाकून गेले. नियमात बसत होतं. बरोबर होतं का ह्यावर आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर अजून भांडणं होतात.

खासदारकी जाते कशी? स्वतः राजीनामा, पक्ष सोडला किंवा व्हिप म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश मोडला, परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला, किंवा दोन वर्षं अथवा जास्त शिक्षा झाली. २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून शिक्षा झाली की लगेच जाते, अपिलाचं कारण सांगून लटकवता येत नाही, वरच्या कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तर परत मिळते, राहुल गांधींचं २०२३ ला तेच झालं. सभागृह स्वतः पण काढू शकतं, २००५ ला प्रश्न विचारायला पैसे घेतल्याबद्दल लोकसभेने दहा जणांना एका दिवसात बाहेर काढलं. आणि स्वतः सोडणाऱ्यांत मधु लिमये आणि शरद यादव हे दोघे फार वेगळे, आणीबाणीत लोकसभेची पाच वर्षांची मुदत वाढवली तेव्हा, तुरुंगात असताना, आम्हाला लोकांनी पाचच वर्षांसाठी पाठवलंय म्हणून राजीनामे दिले.

जागा रिकामी झाली तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, मुदत एक वर्षापेक्षा कमी उरली असेल तर सूट. हे कागदावर. पुण्याचे खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला वारले, वर्षाहून जास्त मुदत बाकी होती, तरी पुण्यात पोटनिवडणूक झाली नाही, डिसेंबरमध्ये हायकोर्ट म्हणालं घ्या, जानेवारीत सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली, आणि एवढं मोठं शहर जून २०२४ पर्यंत खासदाराशिवाय राहिलं.

महिलांचं सांगायचं तर २०२४ ला ५४३ मध्ये ७४, महाराष्ट्रातून ४८ मध्ये ७. एक तृतीयांश जागा राखीव ठेवायची घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ ला झाली, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी, पण त्यातच अट घातली की आधी जनगणना, मग परिसीमन, मग आरक्षण. मला ती अट पटली नाही, आहे त्या ५४३ मधून १८१ काढता आल्या असत्या. त्यामुळे बायकांच्या जागाही त्याच दोरीला बांधल्या गेल्या जिला १९७६ पासून गाठ मारलेली आहे.

नवीन संसद भवनात लोकसभेला ८८८ खुर्च्या केल्यात, त्यावरून काय समजायचं ते समजा. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरलीये. आणि इथे आत्तेभावाच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, तुकडे असे का, कारण उत्तर-दक्षिण भांडणात आपण आपल्या घरातलं विसरतो. रायगड जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा, त्यातल्या पनवेल, कर्जत, उरण ह्या तीन मावळला जोडल्या. राहिल्या चार. सहा कुठून करणार? तर खाली रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर ओढून रायगडात घातले. मग रत्नागिरीच्या उरलेल्या तीन आणि सिंधुदुर्गाच्या तीन मिळून एक खासदार, आणि राजापूर गेला तो असा. लोक जिकडे कमी होतात तिकडचा मतदारसंघ अंगाने लांब होत जातो. २००१ ते २०११ मध्ये अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची चक्क घटली.

माझी मावशी संगमेश्वर तालुक्यात राहते, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर गुजरातेतले पण त्यांचं मूळ गाव मावळंगे ह्याच तालुक्यातलं, ही तिची आवडती माहिती, कोणालाही ऐकवते. तिच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबई-ठाण्याला, बरेच जण मतदानाला गाडी करून गावी येतात कारण यादीत नाव गावचं. पण जनगणनेत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, म्हणजे मत गावाला आणि डोकं डोंबिवलीला. मावशीला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग गणतीवाले शिमग्यात पाठवा की, सगळे असतात तेव्हा."